बडग्याच्या पोटातली वाळू

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. पोळ्याचे दिवस जवळ आले, की घरात कुणीतरी विषय काढतंच. नातवंडांनी कुठून तरी ऐकलेलं असतं, की आजोबांनी एका वर्षी असा बडग्या केला होता की सगळी इतवारी पेठ बघत उभी राहिली. मग मी गुरुत्वमध्याबद्दल बोलू लागतो. ओळंबा म्हणजे काय, उभ्या माणसाचं वजन तळपायात नेमकं कुठं पडतं, झोपलेल्याचं कुठं पडतं, असं सगळं तपशिलानं सांगतो. मुलं कंटाळून उठून जातात. त्यांनी उठून जावं म्हणूनच मी ते सांगतो, हे मला अलीकडे कळलं. की आधीपासूनच कळत होतं? या प्रकरणात माझी हीच अडचण आहे. कोणती गोष्ट मला कधीपासून ठाऊक होती, ते मला सांगता येत नाही.

तरी आता सांगून टाकतो. ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून नव्हे, तर चुकीचं सांगणारा मी एकटाच उरलो आहे म्हणून.

नागपूरबाहेरच्या वाचकासाठी आधी दोन शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती निघतात. काळी मारबत आणि पिवळी मारबत, अशा बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या मूर्ती. गावातली रोगराई, इडापिडा त्या आपल्याबरोबर घेऊन जातात अशी श्रद्धा. त्यांच्या मागे बडगे असतात. बडग्या म्हणजे बांबू, कागद, चिंध्या आणि जुने कपडे यांचा केलेला पुरुषाचा पुतळा. प्रत्येक मोहल्ला आपापला बडग्या करतो आणि त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा फलक त्याच्या गळ्यात अडकवतो. मिरवणूकभर त्याला शिव्या घालायच्या, हसायचं, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचं. पुढाऱ्यांचे बडगे खुशाल व्हायचे. पण आपल्याच गल्लीतल्या माणसाचा बडग्या करायचा नाही, हे आमच्याकडे कुणी न सांगता पाळलं जायचं. ज्याला आज जाळायचं त्याच्याच घरी उद्या विरजण मागायला जावं लागतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि इतवारीच्या मागच्या एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. गल्लीत शिकलेला म्हणून मला मान होता. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मोहल्ल्याचा बडग्या भर चौकात तोंडावर आपटला होता. त्याचं डोकं मडक्याचं होतं, तेही फुटलं. शेजारच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्षभर चिडवलं, की तुमचा बडग्या जाळायच्या आधीच मेला. त्यामुळे या वर्षी मंडळाची पोरं माझ्याकडे आली.

"सर, तुमी तं सायन्सवाले. असा बडग्या बनवून द्या का बैलबंडी कितीही हालली तरी तो पडला नाही पाहिजे."

"पडला नाही पाहिजे, एवढंच?"

"डोलला पाहिजे. बाजारात डोलत डोलत गेला पाहिजे. मंग पाहा कशी मजा येते ते!"

मला ती कल्पना फार आवडली. त्या काळात मला गुरुत्वमध्याचं वेडच लागलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यात माणसाच्या शरीराच्या वजनाची वाटणी दिली होती. डोकं आणि मान मिळून साधारण बारावा हिस्सा, धड जवळजवळ निम्मं, एकेक पाय सहावा हिस्सा, एकेक हात विसावा. ही मापं परदेशात मृतदेहांवरून काढलेली होती. हे वाचल्यावर मी रस्त्यानं चालणाऱ्या माणसांकडे निराळ्याच नजरेनं पाहू लागलो. पाण्याची बादली उचलणारी बाई दुसऱ्या बाजूला झुकते, पाठीवर पोतं असलेला हमाल पुढे वाकतो, पोट सुटलेला माणूस खांदे मागे टाकतो. प्रत्येकजण आपल्याही नकळत आपलं वजन तळपायांच्या मधोमध आणून ठेवत असतो. चेहऱ्यानं माणूस खोटं बोलू शकतो, तोलानं नाही, असं मी तेव्हा विद्यार्थ्यांना ऐटीत सांगायचो.

गल्लीच्या तोंडाशी रेशनचं दुकान होतं. दुकानदार माझ्याहून वयानं मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला मास्तर म्हणायचे. भाऊंचं पोट बरंच सुटलेलं होतं आणि पाय बारीक. ते चालायचे तेव्हा छाती आभाळाकडे केल्यासारखी मागे झुकायची, पोट पुढे निघायचं आणि डावा हात कमरेवर असायचा. गोदामातून पोतं आलं की हमालासमोर असेच चालत जायचे, जणू वरातीत नवरदेवाच्या पुढे चाललेत. दुकानात माझी उठबस होती. संध्याकाळी दुकान बंद झालं की आम्ही ओट्यावर बसायचो, पान खायचो, नागपूरच्या उन्हाबद्दल आणि साखरेच्या कोट्याबद्दल बोलायचो. त्या वर्षी साखर, डालडा, रॉकेल, कशाचाच भरवसा नव्हता. माल आला नाही की लोक भाऊंनाच बोलायचे. भाऊ हात जोडून सांगायचे, "वरूनच नाही आला बाप्पा, मी काय घरी पिकवतो का?"

त्यांच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. लोखंडी चौकोनी पाटाचा, बाजूला सरकणारं वजन असलेला. मला जिवंत माणसाचा गुरुत्वमध्य काढायचा होता आणि कॉलेजात तसा काटा नव्हता. एका दुपारी, दुकान बंद असताना, मी एक लांब फळी घेऊन गेलो. फळीचं एक टोक विटांवर, दुसरं काट्यावर. माणसानं विटांकडे पाय करून फळीवर उताणं झोपायचं. डोक्याकडच्या टोकाखाली काटा किती वजन दाखवतो ते पाहायचं, त्यातून नुसत्या फळीचा आकडा वजा करायचा, आणि मग साधा हिशेब केला की गुरुत्वमध्य तळपायांपासून किती उंचीवर आहे ते कळतं.

भाऊ फळीवर आडवे झाले. हात दोन्ही बाजूंना, डोळे मिटलेले. तेवढ्यात आतल्या दारातून वहिनी चहा घेऊन आल्या आणि जागीच थबकल्या.

"अगं माय! हे काय करून राहिले? माणूस जिता हाय न?"

"हालवू नको वं मले," भाऊ डोळे न उघडता म्हणाले. "मास्तर माह्यं वजन करून राहिले. गहू तं संपले, आता मलेच तोलून इकतो."

"तुमाले कोण घेईन? नुसतं फोल हाय, दाना कुठी हाय?"

आम्ही तिघंही हसलो. हसण्यानं काटा हलू लागला आणि मला आकडा पुन्हा घ्यावा लागला. मग मी त्यांना त्याच फळीवर उभं केलं. खांद्यापासून ओळंबा सोडला आणि ते किती मागे झुकतात ते कोनमापकानं मोजलं. भाऊ म्हणाले, "पोट्ट्यांच्या शिक्षनासाठीच होय न? मंग घ्या किती घ्यायचं ते माप. फक्त नाव नका टाकू कुठी." मी म्हणालो, नाही टाकणार. नाव मी खरंच कुठेही टाकलं नाही.

इथे पहिला गोंधळ आहे. पोरं बडग्याचं काम घेऊन माझ्याकडे आली ती या फळीच्या प्रयोगाच्या आधी की नंतर? माझ्या आठवणीत दोन्ही क्रम आहेत आणि दोन्ही तितकेच स्पष्ट आहेत. एका आठवणीत भाऊ फळीवर पडलेले असताना माझ्या मनात बडग्याचा विचारही नाही. दुसऱ्या आठवणीत पोरं कालच येऊन गेली आहेत, आणि मी भाऊंच्या पोटाकडे पाहत एवढी वाळू कशात भरायची याचा विचार करतो आहे. पूर्वी मी पहिली आठवण खरी मानायचो. आता मला कुठलीच खात्रीची वाटत नाही.

बडग्या आमच्या मागच्या अंगणात उभा राहिला. बांबूचा सांगाडा, त्यावर गवत, त्यावर खळ लावून चिकटवलेले वर्तमानपत्राचे थर. पायाखाली मी सुताराकडून एक जाड लाकडी पाट करून घेतला. त्याची खालची बाजू पाळण्याच्या पायासारखी गोलाकार होती, म्हणजे बंडीला हिसका बसला की बडग्या मागेपुढे डोलेल आणि परत आपल्या जागी येईल. पुस्तकातल्या हिश्शांप्रमाणे मी वाळूच्या पिशव्या केल्या. डोक्यात छोटी, हातांत त्याहून छोट्या, आणि पोटात सगळ्यात मोठी. पोटातल्या पिशवीमुळे पुतळा पुढे कलू लागला, म्हणून धड मागे झुकवावं लागलं. मोजून, ओळंबा लावून, मी ते झुकवलं. बडग्या उभा राहिला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या.

फलकाचा विषय पोरांनी ठरवला: साठेबाज. त्या वर्षी निम्म्या शहरानं तोच विषय घेतला असणार. मी चेहरा मुद्दाम कुणासारखाच केला नाही. भाऊंना मिशा नव्हत्या, बडग्याला दोरखंडाच्या जाड मिशा लावल्या. भाऊ धोतर नेसायचे, बडग्याला पँट घातली. डोळ्यांवर पुठ्ठ्याचा काळा चष्मा. भाऊ स्वतः येऊन बघून गेले आणि म्हणाले, "चांगला झाला. जुन्या गोणपाटाचं काम पडलं तं सांगा." दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोन गोणपाटं पाठवली.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी बडग्या बंडीवर चढवायचा होता. तो उचलेना. पोरांनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, एकाचा अंगठा चेंगरला. शेवटी ठरलं की वाळू काढायची. पोट फाडलं, पिशवी काढली, आत पुन्हा कागद कोंबून वरून गोणपाट शिवलं. डोक्यातली आणि हातांतलीही काढली. पुतळा बंडीवर चढल्यावर सगळी वाळू खालच्या पाटावर, बुटांच्या दोन बाजूंना, दोन पोत्यांत ठेवली, म्हणजे पुतळा खाली जड आणि वर हलका. त्यानं तो आधीपेक्षाही पक्का झाला. आता त्याला आडवं पाडायचं म्हटलं तरी पडला नसता.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. आमची बंडी भाऊंच्या दुकानावरूनच जायची होती. रस्ता उखडलेला. बंडीचं चाक खड्ड्यात गेलं, बाहेर आलं, आणि बडग्या डोलू लागला. छाती मागे, पोट पुढे, पुन्हा छाती मागे. त्याचा डावा हात कमरेवर होता. तो हात पोरांनी तसा ठेवला की मी, तेही मला आठवत नाही.

गर्दीतून एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "अवं पाह्य वं! हे तं रेशनवाले भाऊच चालून राहिले!"

मग असा हशा उठला की ढोल ऐकू येईना. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. मिशा, चष्मा, पँट, सगळं पुसलं गेलं आणि बंडीवर भाऊ उभे होते. "घेऊन जा गे मारबत!" या दरवर्षीच्या आरोळीच्या जागी पोरं ओरडू लागली, "साखर घेऊन जा गे मारबत! भाऊले घेऊन जा गे मारबत!"

भाऊ दुकानाच्या पायरीवर उभे होते. शेजारी वहिनी. भाऊ आधी सगळ्यांबरोबर हसले. लोक कशाला हसताहेत ते त्यांना कळलं नव्हतं. माणसाला स्वतःची चाल कधी दिसत नाही. मग कुणीतरी त्यांच्याकडे बोट केलं, कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमचाच होय हा, पाया पडा त्याच्या!" वहिनी आत निघून गेल्या. भाऊंनी बडग्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग बंडीमागे चालणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली. नजर खाली का केली, हा प्रश्न मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला. ज्याचा हेतू नव्हता त्यानं हात हलवून "नाही हो भाऊ" म्हटलं असतं.

हे एका दिवसाच्या चेष्टेवर संपलं असतं, पण त्या महिन्यात पुन्हा साखर आली नाही. आता लोकांकडे नुसता संशय नव्हता, संशयाला रूप आलं होतं. ज्यांना भाऊ साठा करतात असं कधी वाटलं नव्हतं, ते म्हणू लागले, उगाच का कुणी बडग्या करते? कुणीतरी अर्ज केला. तपासणीला माणसं आली, गोदाम उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. पण काही सापडलं नाही ही बातमी कोण कुणाला सांगतो? तपासणी झाली, एवढंच पसरलं.

शाळेतून येणारी मुलं भाऊंच्या मागून पोट काढून चालायची. म्हणून भाऊ सरळ चालायचा प्रयत्न करू लागले. हे मी पाहिलं आहे. खांदे पुढे घेऊन, पोट आत ओढून ते दुकानातून निघायचे, चार पावलांत त्यांचा तोल जायचा आणि ते भिंतीला हात लावून उभे राहायचे, नव्यानं चालायला शिकणाऱ्या मुलासारखे. मग त्यांनी चालणंच कमी केलं.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"मास्तर, तुमी सांगा न लोकाले. तुमचं आयकतेत. थो माहा नव्हता म्हना. तेवढंच म्हना. नाही तं माह्यं दुकान जाते आता."

मी त्यांना शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या ओट्यावर गेलो. तिथे पोरं होती, चारदोन वडीलधारेही होते. "तो बडग्या भाऊंचा नव्हता" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मला वाटलं, नुसतं वाक्य कोण मानेल? पुरावा द्यावा. मी शिकवू लागलो.

"हे पाहा, पोट पुढे आलं की कुणीही मागे झुकतो. हा निसर्गाचा नियम आहे. जगातला कुठलाही पोट सुटलेला माणूस तसाच उभा राहील."

"आमच्या मामाचं पोट तं केवढं मोठं हाय, सर. थो तं पुढं वाकून चालते."

"प्रत्येकाच्या वजनाची वाटणी वेगळी असते. म्हणून मी नीट माप घेतलं होतं."

"कोनाचं माप?"

मी थांबलो. थांबायला नको होतं. "भाऊंचं," मी म्हणालो. "पण ते फक्त आकड्यांसाठी."

ओट्यावरचा एक म्हातारा शिंपी पान थुंकून म्हणाला, "वा रे वा! माप भाऊचं, शिलाई सरची, अन् सदरा म्हने कोनाचाच नाही!"

त्यावर उठलेलं हसणं मला आजही ऐकू येतं. त्या दिवसापर्यंत जे चेष्टेत होतं ते माझ्या स्पष्टीकरणानं पक्कं झालं. शिकलेल्या माणसानं मोजून, मापून साठेबाज केला, म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणारच. लोक आपली रेशनकार्डं दुसऱ्या दुकानात फिरवून घेऊ लागले. पुढच्या उन्हाळ्यात भाऊंनी दुकान सोडलं. जाताना वहिनी आमच्या दारावरून गेल्या, पण माझ्या बायकोशी बोलल्या नाहीत. भाऊ मला म्हणाले, "येतो मास्तर." एवढंच.

त्यानंतर मी हे सगळं घरात, कॉलेजात, जिथे विषय निघेल तिथे असंच सांगत राहिलो: गणिताचा दोष. नियमानुसार बनवलेला पुतळा योगायोगानं एका चांगल्या माणसासारखा निघाला. ऐकणारे हळहळायचे. एकदा मी पाहुण्यांना हे सांगत असताना बायको शेजारी तांदूळ निवडत होती. पाहुणे गेल्यावर ती सुपातून डोळे न काढता म्हणाली, "पोटातली वाळू तं काढली होती न तुमी?"

"हो, आदल्या दिवशी."

"मंग पोटात कागदच होता. कागदाच्या पोटाले मागं झुकायचं काय काम?"

मी तिच्यावर ओरडलो. तुला यातलं काही कळत नाही, म्हणालो. पण तिला जे कळलं होतं ते प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळलं असतं. वाळू काढल्यावर धड मागे झुकवण्याचं कारणच उरलं नव्हतं. नियमाप्रमाणे तो सरळ उभा राहायला हवा होता. आणि मग, नेहमी सांगताना मी जे गाळायचो ते मला पुरतं आठवलं. वाळू काढल्यावर पोट शिवणारा पोरगा मला म्हणाला होता, "सर, आता सरळ करू का याले?" हातात हातोडी होती त्याच्या. मी चार पावलं मागे गेलो, बडग्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "राहू दे. असाच चांगला दिसते."

असाच चांगला दिसते. कोणासारखा चांगला? मी त्या वेळी काय पाहत होतो? भाऊंबद्दल माझ्या मनात काही होतं का? आमच्याही घरी त्या पोळ्याला साखर नव्हती, हे खरं. ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून पान खाताना, खरंच वरून येत नसेल का, असा विचार कधी माझ्या मनात आला होता का? आला असेल. नसेलही. की केवळ हुबेहूब उतरल्याचा तो आनंद होता? मी हे पुष्कळ उलटून पाहिलं. हाती काही लागत नाही.

ऐंशीच्या दशकात कधीतरी कळलं, की भाऊ कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे कामाला आहेत. मी मुद्दाम गेलो. माफी मागायलाच गेलो. काय बोलायचं ते सायकलवरून जाताना मनाशी घोळवलं होतं. धान्याच्या ढिगांमधून वाट काढत होतो तेव्हा दूरवरून ते येताना दिसले आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. भाऊ पार वाळले होते. मधे मोठं आजारपण होऊन गेलं होतं. पोट नव्हतंच. सदरा नुसता लोंबत होता. आणि तरी ते तसेच चालत होते, छाती मागे, डावा हात कमरेवर. गल्लीत हरवलेली त्यांची चाल परत आली होती. पण ती पोटामुळे नव्हती. मग कशामुळे होती?

त्यांनी मला ओळखलं. आनंदानं ओळखलं. टपरीवर नेऊन चहा पाजला, मुलांची चौकशी केली. माझ्या तोंडात माफीचे शब्द होते. आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "भाऊ, तुम्ही मागे झुकून काहून चालता?"

त्यांचा कप तोंडाजवळ थांबला. मग ते म्हणाले, "माहा बाप असाच चालत जाय. त्याचं तं पोटही नव्हतं. लहानपनी मी त्याच्या मागं मागं जाओ, तसंच लागलं असंन." मग म्हणाले, "मास्तर, आता तुमी एक सांगा. बनवतानी तुमच्या मनात मी होतो का?"

"मला खरंच माहीत नाही, भाऊ."

"मंग जाऊ द्या," ते म्हणाले. राग दिसला नाही. निराशा दिसली का? मला त्या चेहऱ्याचा अर्थ लावता आला नाही. तेवढ्यात अडत्यानं हाक मारली आणि ते कप ठेवून निघाले. मी त्यांना जाताना पाहत राहिलो. परत येऊ, नीट बोलू, असं ठरवून घरी आलो. ते परत जाणं झालं नाही. एक-दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही तेरवी झाल्यावर.

मला माहीत नाही, हे मी त्यांना सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. एक गोष्ट मला माहीत होती, आणि टपरीवर तीच सांगायला हवी होती. भाऊ, मनात आधी काय होतं ते मला नाही सांगता येत. पण वाळू काढल्यावर पोरगा त्याला सरळ करायला निघाला होता, आणि मी त्याला थांबवलं. त्या घडीला तो मला तुमच्यासारखा दिसला होता. दिसला, ओळखू आला, आणि तरी मी राहू दे म्हणालो. गणिताचा त्यात काहीच दोष नव्हता. माझं चुकलं, भाऊ. मला माफ करा.